हात वर करून ठरलेलं पाणी

आमच्या वडिलांना मागून कुणी हाक मारली तर ते अख्खेच्या अख्खे वळत. नुसती मान वळवायची सोय त्यांच्याकडे राहिली नव्हती. वय चाळिशीच्या जरा पुढे, पण पाठ अशी ताठ की परक्याला वाटावं, केवढा स्वाभिमानी गृहस्थ. स्वाभिमान होताच, पाठीचं कारण मात्र वेगळं होतं. त्यांना वाकता येत नसे. आणि ज्याला वाकता येत नाही त्याला ऊसतोडीत कुणी विचारत नाही, कारण ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. दसरा झाला की मुकादम आमच्या वस्तीवर कोयते ठरवायला यायचा. कोयता म्हणजे तोडणारी जोडी, बहुतेक नवरा-बायकोची. वडिलांकडे बघून तो दरवर्षी तेच म्हणायचा, "ह्यांना नेऊन काय फडात झेंड्यावानी उभं करू?" मग आई आणि माझा थोरला भाऊ असा आईलेकाचा कोयता लागायचा. भावाला तेव्हा मिसरूडही फुटलेली नव्हती. आई गुडघ्यावर हात ठेवून उठायची, हात ठेवून बसायची. डोक्यावर मोळी असली की ठेवायला हात उरायचा नाही, मग तशीच उठायची.

ह्या दोघांच्या कमरेवर मी नगरला बोर्डिंगात राहून बी. एस्सी. झालो. रसायनशास्त्र, सेकंड क्लास. आमच्या घराण्यात माझ्याआधीचा सर्वांत विद्वान माणूस म्हणजे एक चुलता, आणि त्याची विद्वत्ता सही करून संपायची. हे मी अभिमानाने सांगतो. सांगताना आवाज खाली करायचं मला कधी कारण दिसलं नाही.

गाव आमचं पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या उताराला. वर गावठाण, खाली ओढ्याकाठी आमची वस्ती. गावठाणात काळ्या खडकात फोडलेली खोल विहीर, तीच साऱ्या गावाची पिण्याची. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या विहिरींचे तळ दिसले, पण हिला पाणी होतं. ह्या एका उपकारावर तिने गावाची जन्माची निष्ठा मिळवली. तिचं पाणी पिणाऱ्यांचे दात तपकिरी असत. बायांच्या दातांना मशेरी हे कारण होतं, बाप्यांच्या दातांना तंबाखू आणि पोरांच्या दातांना चिंचा. दुष्काळात सगळ्याची टंचाई पडली, कारणांची कधी पडली नाही.

वस्तीवरच्या पोरांचे दात जरा वेगळे, पांढरे-तपकिरी पट्ट्यांचे. माझेही तसेच आहेत. आम्ही पोरंसोरं निम्मं वर्ष आईबापांमागे कारखान्याकडे कालव्याचं पाणी प्यायचो आणि निम्मं वर्ष गावचं. गावठाणातल्या बागायतदारांना पोटासाठी कुठे जावं लागत नसे. ते बारा महिने विहिरीशी एकनिष्ठ, म्हणून त्यांचे दात सलग तपकिरी. होता होता दात तपकिरी असणं हे खानदानीपणाचं लक्षण होऊन बसलं. सोयरीक जमवताना गावठाणातले लोक पाहुण्यांना सांगत, "पोराचं दात बघा, घर कधी फडावर गेलेलं न्हाई." पाहुणेही बघत आणि समाधानाने मान हलवत. ज्यांना हलवता येत होती ते.

मला ह्यातली खरी गोष्ट कॉलेजात कळली. एकदा प्रयोगशाळेत मी कशावरून तरी हसलो, तर आमचे प्राध्यापक जवळ आले आणि गाव कोणतं, पाणी कुठलं, वडील कसे चालतात, असं विचारत बसले. मला वाटलं, हे बहुतेक स्थळ आणतायत. त्यांनी पाणी मागवलं. मी सुट्टीत जाऊन बाटली भरून आणली, त्यांनी ती सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतली. पाण्यात फ्लोराईड नावाचा क्षार प्रमाणाबाहेर होता. हिरडीच्या आत पक्के दात घडत असतात त्या वयात हे पाणी पोटात गेलं की दातांवर डाग उमटतो आणि तो घासून जात नाही. वर्षानुवर्षं पीत राहिलं की तोच क्षार हाडांत, मणक्यांत बसतो. म्हणजे वडिलांची पाठ आणि गावाचा खानदानीपणा, दोन्ही एकाच विहिरीतून शेंदलेली होती.

पदवी घेतल्यावर मला शेजारच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली. पगार सुरू झाला तसा आमचा कोयता कायमचा आढ्याला खोचला गेला. आई घरी, भाऊ-वहिनी घरी. त्यांना मुलगी झाली. आमच्या घरात बारा महिने गावात राहणारं हे पहिलं लेकरू. माझ्या शिक्षणाने घराला स्थैर्य आणलं ते असं, की ह्या पोरीला ती विहीर वर्षभर मिळणार होती. तिला दुधासोबत पाणी पाजायला सुरुवात झाली तेव्हा मी वहिनीला म्हटलं, "हिला विहिरीचं पाणी द्यायचं नाही." वहिनी म्हणाली, "मग काय तुमच्या पुस्तकातलं पाजू?"

पाणी होतं. दुष्काळी कामावर गावाने पाझर तलाव बांधला होता आणि तलावाखाली सरकारने नवीन विहीर पाडली होती. तिच्या पाण्याचीही बाटली मी प्राध्यापकांकडे पाठवली होती. ते पाणी चांगलं निघालं. मी रोज शाळेत जायच्या आधी सायकलला कळशी बांधून पोरीपुरतं पाणी आणू लागलो. रस्त्यात लोक विचारायचे, "मास्तर, पोरीला गंगा का?" मी म्हणायचो, "हो."

त्याच हिवाळ्यात गावाला नळयोजना मंजूर झाली. तालुक्याहून ओव्हरसियर आले. त्यांनी दोन्ही विहिरी पाहिल्या, माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणी कोणत्या विहिरीचं घ्यायचं ते गावाने ठरवायचं आहे. ग्रामसभेत हात वर करा, ठराव पाठवा." जी विहीर पिण्याला नको ती शेतीला मिळायची होती. नव्या विहिरीला लागून कुणाचं रान होतं हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. सरपंचांचं होतं.

सरपंचांनी सभा पौषात ठेवली. पौषात आमच्या वस्तीवर कुत्री आणि म्हातारी माणसं असतात, बाकी सगळे कारखान्यावर. देवळापुढच्या पारावर गावठाण जमलं. मी उभा राहून फ्लोराईड समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं, सावकाश.

एकाने विचारलं, "दिसतो का त्यो?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"चव तरी?"

"चवही नाही."

"मग मास्तर, तुला एकट्यालाच कसा घावला?"

सभा पोट धरून हसली. सरपंच हसले नाहीत. त्यांनी पदाला शोभेल असं तोंड केलं. "हसू नका. पोरगं शिकलंय, आपल्या गावचं हाय. पर सरकारनं हक्क गावाला दिलाय. पान्यात काय हाय न काय न्हाई, ते गाव ठरवील."

म्हणजे क्षाराने पाण्यात राहायचं की निघून जायचं, हे बहुमताने ठरणार होतं. ठरल्यावर क्षाराला तसं कळवायचं काम बहुतेक ग्रामसेवकाकडे आलं असतं.

मग सरपंचांनी पाराच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या वडिलांकडे बोट केलं. बसायला-उठायला त्रास व्हायचा म्हणून वडील सभेत उभेच राहत. "ह्यांच्याकडं बघा. जल्मभर ह्याच हिरीचं पानी प्यालेत. हाय का गावात एवढा ताठ मानूस?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडील समोर बघत राहिले. दुसरीकडे बघायचं तर अख्खं वळावं लागलं असतं.

एवढ्यावर हात वर झाले असते, पण गावठाणातल्या एका म्हाताऱ्याला न्याय करायची हौस आली. "उगं पोराचं मन कामून मोडता? पानी चांगलं का वाईट ते डाळीला इचारा."

आमच्याकडे पाण्याची परीक्षा डाळीवर होते. ज्या पाण्यात तूर लवकर शिजते ते पाणी हलकं, पचायला बरं. तीन-तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या. सारखी दोन जर्मनची पातेली, एकाच पोत्यातली डाळ, एकाच भाऱ्यातल्या तुराट्या. एका पातेल्यात वरच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात नव्या विहिरीचं. पंच म्हणून पाच जण बसवले. त्यांतल्या एकानेही जन्मात चूल पेटवली नव्हती, म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंकेला जागाच नव्हती. जाळ घालायला त्यांना देवळातल्या पुजाऱ्याच्या बायकोला बोलवावं लागलं.

वरच्या पाण्यात डाळ किती लवकर शिजते हे मी घरी लहानपणापासून बघत होतो, म्हणून निकाल मला आधीच माहीत होता, आणि तरी मी तिथे उभा होतो. वरच्या विहिरीची डाळ लोण्यासारखी झाली. नव्या विहिरीच्या पातेल्यात दाणे अजून पातेल्याच्या बुडाशी भांडत होते. पंचांनी दाणा बोटांत चेपला, एकमेकांना दाखवला आणि आपण काही शोध लावला असल्यासारखं म्हणाले, "वरचं पानी." हात वर झाले. मग घरोघरी भाकरी सांगून पुरावा खाऊन टाकण्यात आला. मलाही एक वाटी दिली. डाळ चांगली झाली होती, खोटं कशाला बोला.

ग्रामसेवकाने ठराव 'सर्वानुमते' असा लिहिला.

पंधरा दिवसांत नव्या विहिरीवर सरपंचांचं इंजिन बसलं आणि मोळ्या बांधलेलं उसाचं बेणं रानात उतरलं. मी कळशी घेऊन गेलो की सरपंच मोठ्या मनाने म्हणत, "घे की मास्तर. तुझ्या एका कळशीनं काय व्हतंय?" काही होत नव्हतं, कारण इंजिन पहाटेपासून चाले आणि मी पोचेपर्यंत तळाला गाळ राहिलेला असे. वहिनी तो गाळ फडक्याने दोनदा गाळायची, निवळत ठेवायची. एक दिवस कळशी रिकामीच आली. पोरगी तहानेने रडत होती. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि माठातलं, वरच्या विहिरीचं पाणी चमच्याने तिच्या तोंडात घातलं.  

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी तालुक्याला ओव्हरसियरांकडे गेलो.

"ठराव सर्वानुमते आहे," ते म्हणाले.

"साहेब, निम्मं गाव कारखान्यावर आहे. त्यांचे हात कुठून वर झाले?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"बरं. एक विचारू? तुम्ही आमच्या गावात दोनदा आलात. दोन्ही वेळा खांद्याला थर्मास होता. सरपंचांनी दिलेला तांब्या तुम्ही नुसता ओठाला लावला. आमचं पाणी तुम्ही का पीत नाही?"

साहेब टेबलावरच्या फायली सरळ करू लागले. त्या आधीच सरळ होत्या. मग म्हणाले, "तोडणीवाले कधी परततात?"

"पाडव्याच्या पुढे-मागे."

"तेव्हा परत सभा लावतो. मी स्वतः येतो. पण हात तुम्हालाच मिळवावे लागतील, मास्तर. मला पाणी कळतं, पण तुमच्या सभेत मला मत नाही."

पाडव्यानंतर वस्तीवर बैलगाड्या परतल्या. भाऊ खोपटाखोपटाला फिरला. त्याचं भाषण माझ्यापेक्षा छोटं होतं. "माझ्या बाचं काय झालंय ते बघता ना? मग सभंला या. आन् बायांना घेऊन या." मधल्या दिवसांत मी शाळेतल्या लिटमस कागदावर वरच्या विहिरीचं पाणी घेऊन बसलो होतो, तेव्हा डाळीचं कोडं माझं मला सुटलं होतं. त्या पाण्यात फ्लोराईडच्या जोडीला सोड्यासारखा क्षार विरघळलेला होता. डाळ पाण्याच्या गुणाने शिजत नव्हती, सोड्याने शिजत होती.

दुसऱ्या सभेला मी कुणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. आधीच चुली मांडल्या. नव्या विहिरीच्या पातेल्यात सगळ्यांना दाखवून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. दोन्ही पातेली बरोबरीने शिजली. मी दाणे चेपून पंचांच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, "तुमच्या विहिरीत हेच आहे. सोडा. आणि सोड्याबरोबर विष." आता हे जिंकलं, असं वाटून मी चष्मा पुसला.

मागून एक बाई म्हणाली, "म्हंजी आमच्या हिरीत सोडा फुकट हाय. मग दुकानातला कामून आनायचा? सरपान कुठं ऱ्हायलंय दुष्काळानं?"

सगळ्या बाया हो म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं.  मी चष्मा परत लावला. सरपंच आपल्या माणसांकडे बघून मिशीत हसले.

तेवढ्यात वहिनी उठली. डोक्यावरचा पदर दातात धरून बसणारी ती, सभेत कधी बोलली नव्हती. पोरगी कडेवर होती. "डाळीचं लई झालं," ती म्हणाली. "माझी पोर अजून डाळ खात न्हाई. ती पानी पिती. डाळीला पायजे तर वरून कळशी आनंन मी, रोज आनंन. पर हिच्या तोंडात कोनत्या हिरीचं घालू, ते सांगा. मामंजींवानी ताठ करायची का हिला?"

कुणी हसलं नाही. वडील उभे होते तिथेच उभे होते. मग ते अख्खे वळले आणि पहिल्यांदा सभेकडे तोंड करून म्हणाले, "माझ्या पाठीला टाळ्या दिल्या तुमी. आता जरा तिचं ऐका."

सरपंचांनी घसा साफ केला. "बायामानसांचं हात मोजायचं का, ह्येचा आधी निकाल लावू."

ते मात्र मी सोडलं नाही. "सरपंच, तुमच्या निवडणुकीला ह्याच बायांना गाडी जुंपून आणलं होतं. तेव्हा त्यांचा शिक्का चालला. आज हात चालत नाही?"

ओव्हरसियर म्हणाले, "कायद्याने चालतो," आणि थर्मास बाजूला ठेवून स्वतः मोजायला उभे राहिले.

वस्तीचे हात वर झाले, कोयत्याने घट्टे पडलेले, बाप्यांचे आणि बायांचे. गावठाणातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सरपणाचं विचारणारी ती बाई बसल्या बसल्या म्हणाली, "डाळीला वरची हीर ठेवनार ना पर? बुजवनार न्हाई ना?" मी म्हटलं, "ठेवू. डाळ त्याच पाण्याची करू नका, असं मी सांगत राहीन. पण विहीर ठेवू." मग तिचाही हात वर झाला, आणि तिच्या पाठोपाठ बऱ्याच जणींचा. त्यांच्या नवऱ्यांनी आपापल्या बायकांकडे पाहिलं आणि घरी संध्याकाळी जेवायचं आहे हे लक्षात घेऊन हात वर केले.

साहेबांची मोजणी संपायच्या आत सरपंचांनीही हात वर केला. त्यांना लोकांचं मन लोकांपेक्षा लवकर कळत असे. पुढच्या उन्हाळ्यात नळाचं उद्घाटन झालं तेव्हा हार त्यांच्या गळ्यात होता. भाषणात ते म्हणाले की चांगल्या पाण्यासाठी आपण सुरुवातीपासून झगडलो, काही अडाणी मंडळी डाळीवर निर्णय करायला निघाली होती. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या. नळ नव्या विहिरीचा होता, हार कुणाच्याही गळ्यात असो.

इंजिन त्या सभेनंतर लगेचच विहिरीवरून उचललं गेलं होतं, आणि नळ येईपर्यंत पोरीची कळशी रोज भरून येत होती. वरच्या विहिरीवर बाया धुणं धुतात, साबणाला फेस चांगला येतो. काही घरांत डाळ अजूनही तिच्याच पाण्याची होते, आणि माझं सांगणं अजूनही चालू आहे. वडिलांच्या पाठीत काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता.

पुतणी सातव्या वर्षी पहिल्या इयत्तेत गेली तेव्हा तिला पुढचे पक्के दात आले. ते पांढरे आले.